बोटातला लाल उजेड आणि पायाचा काळा अंगठा



आज रात्री झोपण्यापूर्वी एक गंमत करून बघा. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटाचं टोक अलगद ठेवा. बोट आतून लालबुंद दिसेल. लहानपणी डोंबिवलीत वीज गेली की आम्ही मुलं बॅटरीवर हात ठेवून हाच खेळ खेळायचो. तेव्हा मला दोन प्रश्न पडायचे. टॉर्चचा प्रकाश पांढरा, मग बोटातून लालच का येतो? आणि एवढा प्रकाश आरपार येतो, तर आतलं हाड का दिसत नाही?

दोन्हींची उत्तरं मला मेडिकलला गेल्यावर मिळाली. त्या उत्तरांचा अर्थ मात्र २०२१ च्या एप्रिलमध्ये एका काकांच्या पायाच्या अंगठ्याने शिकवला. त्यात माझीही एक चूक होती. ती तुम्हाला सांगावी, म्हणून आजचा लेख.

आधी त्या दोन प्रश्नांची उत्तरं

आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं, लाल मात्र बराचसा सोडून देतं. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. बोटातून जाताना बाकीचे रंग वाटेत संपतात आणि लाल तेवढा बाहेर पडतो.

हाड न दिसण्याचं कारण वेगळं आहे. पावसाळ्यात माळशेज घाटातून गाडीने गेला असाल तर आठवा. धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे दिसतात, पण गाडीचा आकार दिसत नाही, कारण धुक्याच्या थेंबांवर आपटून प्रकाश सगळीकडे विखुरतो. आपली त्वचा आणि मांस हे प्रकाशासाठी असंच धुकं आहे. प्रकाश आरपार येतो, पण सरळ रेषेत येत नाही. म्हणून या प्रकाशाने एक्स-रेसारखा हाडाचा फोटो मिळत नाही.

फोटो मिळाला नाही तरी एक गोष्ट मिळते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात थोडं जास्त रक्त शिरतं आणि मग ओसरतं. रक्त वाढलं की ते जास्त प्रकाश शोषतं आणि बाहेर येणारा उजेड किंचित मंदावतो. रक्त ओसरलं की उजेड पुन्हा वाढतो. हा फरक एकूण प्रकाशाच्या साधारण १ ते २ टक्केच असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण प्रकाश मोजणाऱ्या छोट्या सेन्सरला तो कळतो. त्याचा आलेख काढला की नाडीची लाट दिसते. आल्रिक हर्ट्झमन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३७-३८ च्या सुमारास त्वचेवर प्रकाश टाकून ही लाट नोंदवली. तुमच्या मनगटावरच्या स्मार्टवॉचखाली हिरवा दिवा लुकलुकतो ना? ते याच पद्धतीने ठोके मोजत असतं. सुई नाही, रक्त काढणं नाही, दुखणंही नाही.

मग घराघरांत ऑक्सिमीटर आला

२०२० पूर्वी ऑक्सिमीटर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली आणि आयसीयूमधली वस्तू. कोरोना आला आणि आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात ही चिमट्यासारखी डबी औषधांच्या दुकानात, पुढे किराणा दुकानातसुद्धा मिळायला लागली. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. त्यात पथकं दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. चाळीत, सोसायटीत, इमारतीच्या जिन्यात उभं राहून लोक बोट पुढे करत होते. सहा मिनिटं चाला, मग पुन्हा बोट लावा, आकडा ९४ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर दवाखाना गाठा, हे तेव्हा शाळकरी मुलांनाही पाठ झालं होतं. त्या डबीने कित्येक जीव वाचवले, यात मला शंका नाही. माझ्याच कित्येक पेशंटना धाप लागायच्या आधी त्या आकड्याने सावध केलं.

या डबीमागची कल्पना एका जपानी अभियंत्याची. नाव ताकुओ आओयागी. निहोन कोहदेन या कंपनीत ते काम करत. १९७२ च्या सुमारास ते वेगळंच काहीतरी मोजायच्या खटपटीत होते. रक्तात रंग टोचायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून तो रंग किती वेळात येतो-जातो ते बघायचं आणि त्यावरून हृदय मिनिटाला किती रक्त पंप करतं हे काढायचं. या मोजणीत नाडीच्या ठोक्यांचा सारखा अडथळा येई, आलेख वर-खाली हलत राही. तो अडथळा काढून टाकायची युक्ती शोधताना त्यांच्या लक्षात आलं की ज्या भागात ठोक्यागणिक बदल होतो, तो भाग धमनीतल्या रक्ताचा. कातडी, मांस, हाड, शिरांमधलं रक्त यांनी शोषलेला प्रकाश जवळजवळ स्थिर राहतो. म्हणजे फक्त हलणारा भाग वेगळा काढला, तर कातडीला भोक न पाडता धमनीतल्या रक्ताचा रंग कळेल! १९७४ मध्ये त्यांनी हे काम जपानमधल्या एका परिषदेत मांडलं. हे आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले, वयाच्या ८४ व्या वर्षी. सगळं जग त्यांनी शोधलेल्या उपकरणात बोट घालून बसलं होतं, नेमकं तेव्हा.

ऑक्सिमीटरमध्ये दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं जास्त शोषतं. इन्फ्रारेडच्या बाबतीत उलट. दोन्ही लाटांचं गुणोत्तर काढायचं आणि आधीच तयार केलेल्या कोष्टकात बघायचं, की ९७ किंवा ८९ असा आकडा मिळतो. हे कोष्टक निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून तयार केलं जातं. कोणालाही ७० च्या फार खाली नेणं धोक्याचं, म्हणून ७० खालचे आकडे विश्वासार्ह धरायचे नाहीत.

इथे ‘गुणोत्तर’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या शब्दात आहे.

काकांचा फोन

एप्रिल २०२१. दुसरी लाट जोरात. माझा फोन दिवसभर गरम असायचा. डोंबिवली पूर्वेचे एक काका, निवृत्त, वय ६८, मधुमेह जवळजवळ वीस वर्षांचा, माझे जुने पेशंट. त्यांच्या मुलाचा रात्री फोन आला.

“डॉक्टर, बाबांच्या पायाच्या अंगठ्याला काळसर डाग पडलाय. चप्पल लागली होती म्हणतात. पण मी ऑक्सिमीटर त्याच अंगठ्याला लावून बघितला. ९७ दाखवतोय. म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे ना?”

त्या दिवशी मी कितवा फोन घेत होतो कोण जाणे. बेड मिळवून देण्याचे फोन, इंजेक्शनचे फोन, ऑक्सिजनचे फोन. ९७ हा आकडा ऐकला की तेव्हा आम्हा डॉक्टरांनाही हायसं वाटायचं. मी म्हणालो, “ठीक आहे. बाहेर पडू नका, दवाखान्यात गर्दी आहे. रोज ड्रेसिंग करा. आठवड्याने फोटो पाठवा.”

फोटो दहाव्या दिवशी आला. अंगठा अर्धा काळा पडला होता आणि शेजारचं बोट निळसर.

त्याच दिवशी त्यांना बोलावलं. काका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आले. मी पायाला हात लावला. पाऊल गार. पायाच्या वरच्या बाजूची नाडी लागत नव्हती, घोट्याच्या आतल्या बाजूचीही नाही. हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं. मशीन नाही, प्रकाश नाही, फक्त दोन बोटं. फोनवर निदान “पाऊल दुसऱ्या पावलापेक्षा गार लागतंय का?” एवढं तरी मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

९७ हा आकडा खोटा होता का?

मुलाने मला हाच प्रश्न विचारला. “डॉक्टर, मशीन खराब होतं का?”

मशीन अगदी बरोबर होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या धारेखाली ग्लास धरा आणि पाणी तपासणाऱ्या मीटरने बघा. पाणी शुद्ध आहे, मीटर बरोबर सांगतो. पण त्या शुद्ध पाण्याने हंडा कधी भरणार? मीटर शुद्धता सांगतो, धार सांगत नाही.

ऑक्सिमीटरचंही तेच. तो जे रक्त येतंय त्याचा रंग सांगतो, किती रक्त येतंय ते सांगत नाही. काकांच्या फुप्फुसांतून निघालेलं रक्त उत्तम होतं. अंगठ्यापर्यंत त्यातलं जे थोडंसं पोहोचत होतं, तेही लालच होतं. लाट बारीक होती, पण लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही लाटा सारख्याच प्रमाणात बारीक झाल्या, म्हणून त्यांचं गुणोत्तर बदललं नाही. आकडा ९७ च राहिला.

भरीस भर म्हणजे बरेच ऑक्सिमीटर बारीक लाट आपोआप मोठी करून दाखवतात, म्हणजे स्क्रीनवर ती नीट दिसावी. मुलाला दिसलेली उंच लाट हा त्या मोठेपणाचा परिणाम. काही डब्यांवर ‘पीआय’ असा आणखी एक आकडा असतो. प्रत्येक ठोक्याला बदलणारा प्रकाश हा स्थिर प्रकाशाच्या किती टक्के आहे, ते तो सांगतो. रक्ताच्या धारेचा अंदाज द्यायचा तर तोच थोडाफार देतो. पण तो माणसागणिक बदलतो, हात गार असला तरी उतरतो. त्यामुळे घरी एकदा बघून त्यावरून पायाचा निवाडा करू नका.

मग पायाचं रक्त प्रकाशाने मोजता येतं का?

येतं, आणि तेच काकांच्या उपयोगी पडलं. मी त्यांना ठाण्याला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं. तिथे आधी नेहमीची तपासणी झाली. दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दोन्हीकडचं ब्लड प्रेशर मोजायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर १ च्या आसपास यायला हवं. ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असं समजतात. काकांचा दंडाचा आकडा १४०, घोट्याचा १९०. भागाकार १.३६.

हे बघून कोणी म्हणेल, वा, पायात तर जास्तच प्रेशर आहे! इथे मधुमेही माणसाची फसगत होते. अनेक वर्षांच्या मधुमेहात घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठतं आणि त्या कडक नळीसारख्या होतात. बाहेरून पट्टा कितीही फुगवा, त्या दबत नाहीत. मशीन मग मोठा आकडा दाखवतं. आतून नळी अरुंद झालेली असते ती असतेच. म्हणून भागाकार १.३ च्या पुढे गेला की आनंद मानायचा नसतो, संशय घ्यायचा असतो.

पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तेव्हा प्रेशर बोटातच मोजायचं. अंगठ्याच्या मुळाशी एक इवलासा पट्टा बांधतात आणि टोकाला प्रकाशाचा सेन्सर लावतात. पडद्यावर नाडीची लाट दिसते. पट्टा फुगवत नेला की लाट सपाट होते. मग हवा हळूहळू सोडायची. ज्या आकड्याला लाट पुन्हा उमटते, तो अंगठ्याचा प्रेशर. हर्ट्झमनची तीच प्रकाशाची लाट, पण आता तिला बरोबर प्रश्न विचारलेला आहे. रंग किती, हे सोडून ‘रक्त कोणत्या दाबाने इथपर्यंत येतं?’ हा प्रश्न.

काकांचा एक अंगठा काळा, म्हणून त्याच पायाच्या दुसऱ्या, बऱ्या बोटावर मोजणी केली. आकडा आला २६. दंडाचा १४०. भागाकार ०.१९. हा भागाकार ०.७ च्या खाली गेला तरी बिघाड मानतात. आणि बोटातला प्रेशर ३० च्या खाली असेल तर जखम आपणहून भरण्याची शक्यता फार कमी. म्हणजे मी सांगितलेलं रोजचं ड्रेसिंग दहा दिवस व्यवस्थित झालं होतं, पण भरून यायला लागणारं रक्तच तिथे येत नव्हतं.

पुढे मांडीतल्या आणि पोटरीतल्या धमन्यांत फुगा घालून वाट मोकळी केली. नंतर त्याच बोटात प्रेशर ५२ आला. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं.

दहा दिवस आधी ही मोजणी झाली असती तर अंगठा वाचला असता का? कदाचित वाचला असता. शेजारचं बोट तर तेव्हा ठीक होतं. हे मी काकांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही तरी काय करणार, दिवसच तसे होते.” त्यांचा मोठेपणा. पण दिवस कसेही असोत, पाय बघायला सांगणं हे माझं काम होतं.

लेझरची पुढची पायरी

प्रकाशाने रक्तप्रवाह मोजण्याच्या आणखी काही पद्धती आहेत. तुमच्यापैकी कोणाला मोठ्या इस्पितळात त्या सुचवल्या जातील, तेव्हा नावं ऐकून घाबरू नका.

पहिली, लेझर डॉपलर. ठाकुर्ली स्टेशनवर तुम्ही उभे आहात आणि फास्ट लोकल हॉर्न वाजवत न थांबता निघून गेली, तर काय ऐकू येतं? गाडी जवळ येताना हॉर्न उंच पट्टीत, पुढे गेल्यावर एकदम खालच्या पट्टीत. प्रकाशाचंही असंच होतं. धावत्या लाल पेशीवर आपटून परतणाऱ्या लेझरची पट्टी किंचित बदलते. केशवाहिन्यांत पेशी सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर सरकते, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग तो एवढासा बदल कळणार कसा? तंबोरा जुळवताना दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की एक हळू कंप ऐकू येतो, तो आठवा. स्थिर कातडीवरून परतलेला प्रकाश ही एक तार, धावत्या पेशींवरून परतलेला दुसरी. दोन्हींच्या मिसळण्यातला कंप सेन्सर मोजतो. १९७५ साली मायकेल स्टर्न यांनी त्वचेतल्या रक्तप्रवाहासाठी ही पद्धत मांडली. भाजलेल्या माणसाची जखम किती खोल आहे हे ठरवायला आज तिचा चांगला उपयोग होतो.

दुसरी, लेझर स्पेकल. लेझर पॉइंटरचा ठिपका भिंतीवर पाडला की त्यात बारीक दाणे चमकताना दिसतात. भिंतीऐवजी जिवंत त्वचेवर पाडला तर आतल्या पेशी हलत असल्याने ते दाणे सतत बदलतात, आणि कॅमेऱ्यात तो भाग पुसट येतो. जिथे प्रवाह जास्त, तिथे जास्त पुसट. या पुसटपणावरून रक्तप्रवाहाचा नकाशा काढायची कल्पना १९८१ मध्ये फेर्चर आणि ब्रायर्स यांनी मांडली.

तिसरी डोळ्यांची. मधुमेही पेशंटच्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आता ओसीटी अँजिओग्राफीने, हातात रंगाचं इंजेक्शन न देता बघता येतात.

या सगळ्यांची मर्यादाही सांगतो. पहिल्या दोन पद्धती मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गेलं ते सांगत नाहीत. या जागी जास्त, त्या जागी कमी, काल कमी होतं, आज वाढलं, अशी तुलना सांगतात. शिवाय लेझर डॉपलरची नजर त्वचेत साधारण एक मिलिमीटरच जाते. मांडीतली धमनी कुठे तुंबली हे बघायला सोनोग्राफीचा डॉपलर किंवा अँजिओग्राफीच लागते.

घरच्या ऑक्सिमीटरबद्दल काही गोष्टी

तुमच्या कपाटात तो पडून असेलच. वापरताना हे ध्यानात ठेवा.

१. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. गडद नेलपॉलिश काढा. नखावर काळपट मेंदी असेल तर दुसऱ्या बोटावर बघा. बोट हलवू नका, निदान अर्धा मिनिट थांबा, आकडा स्थिर झाल्यावर वाचा.

२. सावळ्या त्वचेत आकडा थोडा जास्त दिसू शकतो. अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा आकडा ८८ च्या खाली असल्याचं कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा. आपण बहुतेक सावळे. धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर आकडा चांगला असला तरी दवाखाना गाठा.

३. बाथरूममधला गॅस गिझर हा विषय मी मुद्दाम काढतो. आपल्या फ्लॅटमधली बाथरूम लहान, खिडकी बंद. गॅस अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस गुदमरून बेशुद्ध पडलेला, आणि डबी ९९ दाखवते! अशा वेळी आकडा बघत बसू नका. दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट इस्पितळात न्या.

४. बोटाच्या उजेडावरून रक्तातली साखर सांगतो असं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला आहे. त्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं.

५. आणि पायाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तपुरवठ्याची खात्री करून घेऊ नका. अगदी ९९ आला तरी नाही.

पायासाठी काय करायचं?

सगळ्यात जुनं प्रकाशाचं उपकरण म्हणजे आपले डोळे. दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा. पायाच्या बोटाचं टोक दोन सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं पडलेलं टोक साधारण दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. फार वेळ लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. लगेच झालं म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. दोन्ही पावलांना हाताच्या पाठीने स्पर्श करा. एक दुसऱ्यापेक्षा गार आहे का? बोटांमध्ये आणि तळव्याला भेग, फोड, डाग आहे का? तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे ‘दुखत नाही’ याला काही अर्थ नसतो.

चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं, असं होतं का? स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं का? पुष्कळ जण हे वयावर ढकलतात. एकदा डॉक्टरांना सांगा. तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट यांपैकी काही असेल तर आजच बंद करा. धमन्यांसाठी त्याहून वाईट काही नाही.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे मोजे काढून बसा. माझ्यापुढे बसाल तर मी विसरलो तरी तुम्ही सांगा, “डॉक्टर, पायाची नाडी बघा.” जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नाही, तर बोटातला प्रेशर मोजायची तपासणी करता येईल का, हे विचारा. आणि काळा डाग दिसला तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी या.

काका आता रोज संध्याकाळी काठी घेऊन फिरायला जातात. खास बनवून घेतलेला बूट असतो, पुढच्या भागात मऊ भरण घातलेला. दर तीन महिन्यांनी दवाखान्यात येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच बूट काढायला लागतात. मागच्या खेपेला बाहेर बाकावर बसलेल्या एका आजींना ते सांगत होते, “सगळं बघून घ्या, पण पाय आधी दाखवा. यांना मी शिकवलंय.”

खरं आहे ते.

काळजी घ्या. आज रात्री टॉर्चवर बोट ठेवून बघाल, तेव्हा पायांकडेही एकदा बघा.